अमळनेरच्या वाड्यात रिमोटचं काम: नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

आप्पांच्या वाड्यावर पाहणी. मागचा भाग जुना, धाब्याचा. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन फूट जाड. पुढच्या बाजूला नंतर चढवलेली सिमेंटची माडी. टीव्ही तीन आहेत: बैठकीत, माडीवर आणि मागच्या खोलीत जिजींचा. सगळी यंत्रं बैठकीतल्या सागवानी कपाटात आणायची आहेत. त्यात महिन्याचे पैसे भरायचा सेट-टॉप बॉक्स, जिजींचा डीडी फ्री डिशचा बॉक्स आणि गाण्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, एवढं आलं.

हे करण्यामागचं कारण वहिनींनी सांगितलं. जिजींचा बॉक्स पलंगाशेजारी स्टुलावर असतो आणि त्याच्या तारा फरशीवरून जातात. जिजी काठी टेकत चालतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील, घरभर लहान मुलं होतील, त्याआधी त्या खोलीच्या फरशीवर एकही तार दिसायला नको. हे ऐकलं आणि कामाचा क्रम तिथेच ठरला: आधी जिजींची खोली, मग बैठक, माडी शेवटी.

बॉक्स कपाटात गेला की रिमोटचं काय, हा खरा प्रश्न. रिमोटमधून निघतो तो प्रकाशच, साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. काचेतून तो जातो, मातीच्या भिंतीतून कसा जाणार? मग खोलीत एक डोळा, म्हणजे सेन्सर, बसवायचा, त्याने पकडलेला इशारा तारेने कपाटातल्या हबपर्यंत, म्हणजे सगळे डोळे जोडायच्या मधल्या डबीपर्यंत, न्यायचा आणि तिथे बॉक्सच्या काचेवर चिकटवलेल्या बारक्या एलईडीने, म्हणजे एमिटरने, तो पुन्हा उजेडात काढायचा. हा झाला रिपीटर.

आप्पांच्या पुतण्याने विचारलं, मोबाईलवरच्या अ‍ॅपने नाही का जमणार? त्याला जमेल, जिजींना जमणार नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, रिमोटवरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो अंगठ्याने चाचपतात आणि तिथून वर-खाली, डावी-उजवीकडे मोजत जातात. मी समोर बसून पाहिलं. चाचपून, न चुकता, हव्या त्या चॅनलवर गेल्या. मला म्हणाल्या, "मना रिमोट बदलू नको भाऊ, माले हाईच बरं शे."

रिमोट बदलणार नाही. या कामाची पहिली अट हीच, बाकी सगळं तिच्यामागून.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळच्या गाडीने जळगाव, गोलाणी मार्केट. हब घेतला: चार डोळ्यांची आणि सहा एमिटरची सोय, बारा व्होल्टचा अडॅप्टर. डोळ्यांसाठी टीएसओपी ३८२३८ या क्रमांकाचे सुटे सेन्सर घेतले, वेळ पडली तर हाताशी असावेत म्हणून काही ३८४३८ सुद्धा. दोघांच्याही शेवटचा ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. मधला २ की ४ हा आकडा त्याच्या आतल्या गोंगाट-नियंत्रणाचा प्रकार सांगतो. २ वाला लांबलचक इशारे पाठवणाऱ्या रिमोटांना बरा. ४ वाला दिव्यांचा गोंगाट फार असेल तिथला.

केबलवर वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. एका दुकानात कॅट-६ (चार पिळलेल्या जोड्यांची नेटवर्कची केबल) म्हणून जे बंडल पुढे केलं त्याची एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आत चंदेरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा विरोध अस्सल तांब्याच्या सुमारे दीडपट भरतो आणि दोन-चार वेळा वाकवली की तुटते. धाब्याच्या भिंतीत एकदा घातलेली तार पुन्हा काढायची म्हणजे भिंतच उकरायची. म्हणून दुसरीकडून अस्सल तांब्याची घेतली. महाग पडली. आप्पांना फोनवर कारण सांगितलं, त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

हिशोब करून ठेवला. २४ गेजच्या तांब्याचा विरोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम. जिजींची खोली कपाटापासून तारेच्या वाटेने वीस मीटर, जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे साडेतीन ओहमच्या आत. डोळा जेमतेम अर्धा मिलीअँपिअर खातो, त्याला एवढा विरोध जाणवतही नाही. एमिटरला मात्र ठोक्याला शंभर मिलीअँपिअरपर्यंत लागतात. म्हणून लांब तार डोळ्याकडे न्यायची आणि एमिटर हबजवळच ठेवायचे.

गुरुवार, १० एप्रिल

भिंत.

मातीच्या भिंतीला हॅमर ड्रिल लावायचं नाही. धक्क्याने आतली माती सुटते आणि पलीकडच्या बाजूने टोपलीभर पोपडा खाली येतो. साध्या फिरकीवर लांब बिट लावून हळूहळू, मध्ये मध्ये बाहेर काढून, भुसा झटकत गेलो. जमिनीपासून वर, छताच्या पाटईखाली एक वीत जागा सोडून भोक काढलं. भोक नुसतं ठेवलं तर माती ढासळून तारेवर बसते, म्हणून लगेच पीव्हीसीचा तुकडा आरपार सरकवला आणि दोन्ही तोंडं माती-शेणाच्या गाऱ्याने लिंपली. वहिनींनी स्वतः लिंपून दिलं, माझ्या हाताला ती सफाई नाही. नळीच्या तोंडात तारेची जाळी कोंबली. धाब्याच्या घरात उंदीर असतातच आणि केबलचं आवरण त्यांना आवडतं.

नळीतून दोन केबल नेल्या. एक जिजींच्या टीव्हीच्या चित्र-आवाजाची, एक डोळ्याची. त्यांचा टीव्ही जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा, आणि फ्री डिशच्या बॉक्सलाही त्याच पिना आहेत. दोन्ही टोकांना पॅसिव्ह बलून (पिनांची तार केबलच्या जोडीशी जुळवणारे छोटे जोड) लावून पिवळ्या पिनेचं चित्र केबलच्या एका जोडीवरून नेलं, आवाज दुसऱ्या जोड्यांवरून. चित्र स्वच्छ आलं.

विजेच्या वायरिंगपासून फूटभर अंतर राखलं. एका ठिकाणी ओलांडावंच लागलं, तिथे काटकोनात ओलांडलं. समांतर गेलं की पंख्याच्या रेग्युलेटरची खरखर आत येते.

मंगळवार, १५ एप्रिल

जिजींच्या खोलीतला डोळा.

टीएसओपीला तीन पाय: इशारा, जमीन (ग्राउंड), पाच व्होल्ट. केबलच्या निळ्या जोडीत इशारा आणि त्याची जमीन, नारिंगी जोडीत पाच व्होल्ट आणि त्याची जमीन. डोळ्याच्या अगदी पायाशी, पाच व्होल्टच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून जमिनीला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पैशाच्या हिशोबात हे काहीच नाही, पण लांब तारेवरून आलेल्या पुरवठ्यातली कुरकुर इथेच थांबते. हे न लावता डोळा टांगलेली कामं मी उघडून पाहिली आहेत. दिवसभर ठीक चालतात आणि शेजारचा मिक्सर सुरू झाला की बहिरी होतात.

हा डोळा नेमकं काय करतो ते पुतण्याला मल्टिमीटर धरून दाखवलं, कारण पुढे बघायचं त्यालाच आहे. रिमोटचा दिवा बटण दाबल्यावर नुसता लागत नाही, सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. ऊन, बल्ब, चूल, सगळ्यांतून असा अदृश्य प्रकाश येतच असतो. त्या गर्दीत आपला इशारा ओळखू यावा म्हणून ही ठरावीक लुकलुक. डोळा फक्त त्या लयीचा प्रकाश आत घेतो, लय काढून टाकतो आणि उरलेले लांब-आखूड ठोके तारेवर सोडतो. इशारे पाठवण्याच्या फार प्रचलित असलेल्या एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर ३२ बिट. हब त्या ठोक्यांना पुन्हा ३८ किलोहर्ट्झची लय चढवतो आणि एमिटर पेटवतो. लय न चढवता नुसते ठोके एमिटरला दिले तर बॉक्स ढिम्म हलत नाही.

डोळा टीव्हीच्या खालच्या कडेला, जिजींच्या उशीच्या समोर. त्या उजव्या कुशीवर झोपूनही टीव्ही बघतात, म्हणून मी स्वतः पलंगावर आडवा होऊन रिमोट धरला आणि डोळ्याचा कोन त्याप्रमाणे दिला. भिंतीच्या मधोमध लावला असता तर दिसायला बरं दिसलं असतं, पण पलंग मधोमध नाही.

शनिवार, १९ एप्रिल

कपाट. आजचा दिवस सगळ्यात समाधानाचा.

आधी बॉक्सचा सेन्सर नेमका कुठे आहे ते शोधायचं. काळ्या चकचकीत प्लॅस्टिकमागे तो दिसत नाही. टॉर्च तिरका धरून पाहिलं की आत एक बारीक फुगीर मणी चमकतो. खात्री करायला त्यावर बोट ठेवायचं आणि रिमोट दाबायचा. बॉक्सने ऐकलं नाही तर जागा बरोबर. फ्री डिशच्या बॉक्सचा उजवीकडे निघाला, दुसऱ्याचा आकड्यांच्या पट्टीच्या डाव्या टोकाला, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजाच्या बटणाखाली.

एमिटर चिकटवल्यावर मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्यावर धरला. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा हा प्रकाश अडवणारी गाळणी असते, पुढच्याला पुष्कळदा नसते. पुतण्याला मागच्या खोलीत पाठवून बटण दाबायला सांगितलं आणि पडद्यावर एमिटरच्या टोकाला फिकट जांभळा ठिपका थरथरला. वीस मीटरवरून, दोन फूट मातीतून आलेला इशारा. कितीही वेळा केलं तरी हा ठिपका दिसला की मला बरं वाटतं.

मग बैठकीतला घोळ निघाला. कपाटाच्या दारांना काच आहे. आप्पा समोरच्या खुर्चीवरून रिमोट दाबत होते तेव्हा बॉक्स कधी ऐके, कधी नाही. झोपाळ्यावरून, बाजूने दाबलं की मात्र चोख. समोरून बिघडतं आणि कडेने चालतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटेल.

कारण असं: समोरून दाबलं की रिमोटचा प्रकाश काचेतून थेट बॉक्सवर पडतो आणि तोच इशारा टीव्हीखालच्या डोळ्यातून, हबमधून फिरून एमिटरमार्गेही येतो. डोळ्याला लय ओळखायला आठ-दहा लुकलुकी लागतात, म्हणजे फिरून आलेला इशारा पाव मिलिसेकंदाने उशिरा पोचतो. एनईसीचा एक ठोका जेमतेम ०.५६ मिलिसेकंदाचा. पाव मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धा ठोका. दोन्ही एकमेकांवर पडले की ठोके लांबतात, मधली शांतता आखडते आणि बॉक्सला अर्थबोध होत नाही. बाजूने दाबलं की थेट प्रकाश पोचत नाही, म्हणून इशारा स्वच्छ.

उपाय सोपा आहे, बॉक्सला थेट काही दिसू द्यायचं नाही. आप्पांच्या शेतातल्या ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीचा तुकडा मागवला. ती काळी नळी उन्हातान्हात टिकावी म्हणून तिच्यात कार्बन असतो आणि त्यामुळे हा प्रकाश तिच्यातून मुळीच जात नाही. नखाएवढे तुकडे कापले, प्रत्येक सेन्सरभोवती एक उभा बसवला, आत एमिटर, वरून काळी चिकटपट्टी. आता बॉक्सला फक्त एमिटर दिसतो. एमिटरचा प्रकाशही काचेतून बाहेर सांडून समोरच्या डोळ्यात जात नाही. तसा गेला असता तर हबने स्वतःचंच बोलणं ऐकून पुन्हा पुन्हा बोलत राहण्याचा धोका होता.

अ‍ॅम्प्लिफायर सोनीचा. सोनीच्या रिमोटची लय ४० किलोहर्ट्झ, हबची ३८. एवढ्या फरकाने सेन्सर बहिरा होत नाही, त्याचा पल्ला कमी होतो. इथे एमिटर नाकाला चिकटलेला असल्यामुळे पल्ल्याचा प्रश्नच नाही. तपासलं, चाललं.

मंगळवार, २२ एप्रिल

वहिनींचा सकाळी फोन. जिजींचा रिमोट दुपारनंतर लागत नाही, रात्रीही कधी लागतो, कधी नाही.

दुपारी मुद्दाम चारला पोचलो. वैशाखाचं तोंड, बाहेर रस्त्यावर माणूस नाही. पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप खोलीत येते आणि साडेचारला बरोबर टीव्हीच्या खालच्या कडेवर येऊन बसते. उन्हात हा अदृश्य प्रकाश भरपूर असतो. त्याला लय नसते हे खरं, पण आतला फोटोडायोड त्यानेच इतका भरून जातो की रिमोटच्या बारीक उजेडाला जागा उरत नाही. डोळा चार बोटं आत, टीव्हीच्या सावलीत सरकवला आणि त्याच्या तोंडावर ठिबकच्या नळीचाच एक तिरका कापलेला तुकडा टोपीसारखा बसवला. उन्हाचा त्रास संपला.

रात्रीच्या त्रासाचं कारण वेगळं होतं. अंधार पडेपर्यंत थांबलो. हबवर एक लाल दिवा असतो, इशारा आला की लुकलुकतो. जिजींच्या खोलीतली एलईडी पट्टी लावली आणि कुणी रिमोटला हात न लावता तो दिवा फडफडू लागला. पट्टी बंद केली, शांत. पुन्हा लावली, पुन्हा फडफड. पट्टीच्या आतला ड्रायव्हर स्वस्तातला, त्याची लुकलुक ३८ किलोहर्ट्झच्या आसपास पडत असणार. जुन्या सीएफएलचाही हाच त्रास असे. डोळा मग सतत येणारा हा गोंगाट ऐकून आपली संवेदना कमी करतो. त्यामुळे रिमोट अगदी जवळून लागतो, पलंगावरून लागत नाही.

आप्पा म्हणाले, रात्री पट्टी बंद ठेवू, झिरोचा दिवा लावू. मला ते पटलं नाही. कमी दिसणाऱ्या माणसाच्या खोलीतला उजेड यंत्राच्या सोयीसाठी कमी करायचा नाही, यंत्राने जुळवून घ्यायचं. दुसऱ्या बनावटीची पट्टी आणून लावली, तेवढ्याच उजेडाची. डोळ्यातला ३८२३८ काढून ३८४३८ सोल्डर केला. लाल दिवा स्थिर. जिजींनी पलंगावरून पाचचा उंचवटा चाचपला, दाबलं, भजनाचा चॅनल आला. "लागना भाऊ, लागना!"

रविवार, २७ एप्रिल

माडी. तिथे एचडीएमआय कॅट-६ वरून पाठवणारा एक्स्टेंडर लावला. त्याच तारेवरून रिमोटचा इशारा खाली आणायची सोय त्यात आहे, स्वतःचा डोळा आणि एमिटरही सोबत येतो. कपाटातल्या स्प्लिटरमुळे (एकच चित्र दोन टीव्हींना वाटणारी डबी) बैठकीतलं चित्र माडीवरच्या जुन्या टीव्हीच्या पातळीवर घसरत होतं, ते स्प्लिटरवरच्या बारक्या स्विचने सोडवलं.

एक्स्टेंडरचा इशारा हबला तारेने जोडायचा मोह होतो, कारण दोन्हीकडे ३.५ मिलिमीटरची तशीच पिन. मल्टिमीटरने पाहिलं, पिनेवरचा क्रम वेगळा आणि व्होल्टेजही वेगळं. पिन तीच असली तरी आतली मांडणी प्रत्येक बनावटीची आपापली असते. मोजल्याशिवाय एकाची पिन दुसऱ्यात घालू नये. म्हणून तारेने जोडलंच नाही, उजेडाने जोडलं. ठिबकच्या नळीचा बोटभर तुकडा, त्याच्या एका तोंडात एक्स्टेंडरचा एमिटर, दुसऱ्या तोंडात हबचा चौथा डोळा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी. विजेचा संबंध नाही, इशारा पोचतो.

पुतण्याची मागणी होती की माडीवरची फायर टीव्ही स्टिकही कपाटात न्यावी. तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, आवाज कमी-जास्त करायला टीव्हीशी मात्र अदृश्य प्रकाशानेच. रिपीटर तिच्या काही कामाचा नाही. ती टीव्हीच्या मागेच राहू दे म्हटलं.

बुधवार, ३० एप्रिल

आखाजी. कामाला सुट्टी, पण जेवायला बोलावणं होतं. आमरस, खापरावरची पुरणपोळी. अंगणात झोका बांधलेला, गौराईची गाणी चाललेली. जिजींच्या खोलीत नाती फरशीवर लोळत होत्या.

बैठकीत एक तक्रार कानावर आली: दोन्हीकडून एकदम रिमोट दाबला तर कुणाचंच लागत नाही. हे असंच राहणार. हब सगळ्या डोळ्यांचं एकत्र करून पुढे पाठवतो, दोन इशारे एकमेकांत मिसळले की दोन्ही निकामी. एक इशारा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात संपतो, त्यामुळे पुन्हा दाबलं की लागतो. मुलांना सांगितलं, त्यांनी त्याचाच खेळ केला.

सोमवार, ५ मे

उन्हाने कपाट तापतं. फ्री डिशच्या बॉक्सवरचा एमिटर ढिला झालेला दिसला, मूळ चिकटपट्टीचा गोंद मऊ पडून घसरला होता. ग्लू गनचा डिंकही खानदेशच्या मे महिन्यात भरवशाचा नाही, तापत्या बॉक्सवर तर नाहीच. तिन्ही एमिटर आणि त्यांच्या नळ्या फोमच्या दुतर्फा पट्टीने नव्याने बसवल्या, त्याआधी प्लॅस्टिक स्पिरिटने पुसून घेतलं. कपाटाच्या मागच्या फळीला खाली आणि वर भोकं पाडली. गरम हवा वरून निघेल, गार खालून येईल.

हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला. दोन्ही बॉक्स आधीच त्यावर होते. लाईट गेल्यावर टीव्ही चालू आणि रिमोट मुका, असं व्हायला नको.

प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली. कुठली केबल कुठल्या खोलीची, कुठल्या डोळ्यात कुठला टीएसओपी, जिजींच्या खोलीत कुठली पट्टी चालते, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलं. पावसाळ्यात मातीची भिंत ओल धरते, तेव्हा नळीचं लिंपण एकदा पाहून घ्यायला पुतण्याला सांगितलं. एक सुटा ३८४३८, पाय वाकू नयेत म्हणून थर्माकोलच्या तुकड्यात टोचून, त्याच्याकडे दिला.